ऑइल सांडते ते हवेमुळे

इंजिनात ऑइल ओतताना ते सांडले की दोष हाताला दिला जातो. खरे कारण हवा आहे. डब्यातून जेवढे ऑइल बाहेर पडते तेवढी हवा आत शिरावी लागते, आणि दोघांना वाट एकच. बहुतेक डब्यांचे तोंड मध्यभागी नसून एका कडेला असते. ती कड खाली ठेवून ओतले तर ऑइल तोंड बुजवते, हवा गचके देत आत घुसते आणि धार उडते. डबा आडवा धरून तोंडाची कड वर ठेवली, तर वरून हवा जात राहते आणि खालून धार संथ येते. हे दिसायला उलटेच वाटते!

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, ऑइल पातळ होते, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण पातळ ऑइल धावते अधिक वेगाने. गचके थांबत नाहीत. नरसाळे वापरावेच, मात्र पुसून, कारण त्यातली धूळ थेट इंजिनात जाते. शिवाय गचक्याने नरसाळेही भरून वाहते, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पडलेले ऑइल धुमसते, क्वचित पेटतेही. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन निवू देऊन, थोडे थोडे ओतावे. काही मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी. वरच्या खुणेपलीकडे गेलेले ऑइल क्रँकशाफ्ट घुसळतो, त्याला फेस येतो आणि वंगण कमी पडते.