चोवीसशे प्रकरणांचा अमरपट्टा

माझी धाकटी बहीण सहसा तक्रार घेऊन येत नाही. पण गेल्या जूनमध्ये आली आणि चहाला हातही न लावता म्हणाली, "दादा, आता तूच समजाव त्याला. वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षेत दुसऱ्यांदा राहिला, आणि रात्र रात्र मोबाइलवर कसली चिनी कादंबरी वाचत पडतो!"

रागावण्यापूर्वी पुस्तक वाचावे, ही माझी मास्तरकीची खोड. भाच्याकडूनच नाव काढून घेतले आणि इंग्रजी भाषांतर घेऊन बसलो. ‘फानरन श्यूश्यन च्वान’, म्हणजे एका सामान्य माणसाच्या अमरत्वसाधनेची हकीगत. लेखकाचे टोपणनाव वांग यू. २००८ साली ही कादंबरी चीनमधल्या एका संकेतस्थळावर क्रमशः सुरू झाली आणि २०१३ साली संपली, तोवर प्रकरणे भरली होती २४०० हून अधिक! आमच्या अभ्यासक्रमातल्या साऱ्या कादंबऱ्या एकत्र बांधल्या तरी एवढी जाडी व्हायची नाही.

या जातीच्या कथांना तिकडे ‘श्यनश्या’ म्हणतात. ताओपंथी साधक श्वासाच्या अभ्यासाने आणि औषधींनी देहात शक्ती साठवतो, पायरीपायरीने आयुष्य वाढवतो आणि शेवटी अमर होऊ पाहतो. कल्पना जुनीच. अशा गुटिका खाऊन थांग घराण्यातले काही बादशहा प्राणाला मुकले, हे इतिहासात नमूद आहे. वरच्या पायऱ्यांवर साधकावर आकाशातून जे अरिष्ट कोसळते त्याला चिनी शब्द आहे ‘ज्ये’. हा मूळचा आपला ‘कल्प’. बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेला आणि असा आखडला. हे कळल्यावर मी एकटाच खुर्चीत हसलो.

नायक हान ली हा गरीब खेड्यातला दहा वर्षांचा पोर. काका त्याला एका युद्धविद्येच्या पंथात भरती करायला नेतो. कडा चढण्याच्या परीक्षेत तो मागे राहतो, कसाबसा उमेदवार म्हणून आत घेतला जातो. पुढे खऱ्या साधकांनी त्याची पारख केली तर त्याच्या अंगी उपजत गुणही बेताचेच निघतात. इथे मी पुस्तक खाली ठेवले. भाचा रात्र रात्र काय वाचत होता ते मला समजले.

पहिला भाग तर खरोखर उत्तम आहे. मो नावाचा आजारी वैद्य हान लीला शिष्य करतो, त्याला एक श्वासविद्या शिकवतो आणि तिच्यात प्रगती व्हावी म्हणून विलक्षण घाई करतो. गुरूची एवढी माया कशासाठी? वैद्याला या पोराचा देहच बळकावायचा असतो. संशय आल्यावर पोर ओरडत नाही की पळत नाही. मुकाट्याने तयारी करतो. हा सावधपणा हेच पुस्तकाचे बळ. आपल्याकडचे अद्भुतकथांचे नायक छाती पुढे काढून संकटात उडी घेतात. हा आधी पळवाट पाहून ठेवतो. त्याचा मित्र ली फेयू, बळ वाढवणारे पण आयुष्य खाणारे औषध चोरून घेत असतो; हान ली त्याला वेदना कमी करणारे औषध करून देतो. त्या प्रसंगात उगाच अश्रू नाहीत, म्हणून तो लक्षात राहतो.

पुढे मात्र कंटाळा येतो. अशा संकेतस्थळांवर वाचक दर हजार अक्षरांमागे थोडे पैसे मोजतो; मग लेखकाने तरी गोष्ट का संपवावी? नवा प्रदेश, नवा लिलाव, नवी गुहा, आधीच्यापेक्षा जबर शत्रू. आणि पुन्हा तेच. स्त्रिया सुंदर असतात, यापलीकडे त्यांच्याविषयी फारसे कळत नाही.

एक गोष्ट मात्र मनात रुतून बसली. हान लीबरोबर वैद्याकडे आलेला चांग थ्ये नावाचा मुलगा एकाएकी नाहीसा होतो. तो पळून गेला, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात वैद्याने त्याचा मनच नसलेला गुलाम केलेला असतो. हान लीला ते उमगते. आणि तो काय करतो? त्याच देहाला आपला रखवालदार म्हणून वापरू लागतो! लेखक यावर फार थांबत नाही. थांबायला हवे होते.

दिवेलागणीला भाच्याला गच्चीवर गाठले. मी दोष काढू लागलो, तो निमूट ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, तुम्ही कुपीचे बोललाच नाहीत."

खरेच होते. हान लीला रानात एक हिरवी कुपी सापडते. तिच्यात रात्रीच्या प्रकाशातून थेंब जमतो आणि त्या थेंबाने वनौषधी भराभर जुनी, गुणवान होते. सारी चिकाटी खरी, पण पाया त्या कुपीचा.

"ती सापडली नसती तर तो कितीही राबला तरी तिथेच राहिला असता ना?"

तो हान लीविषयी विचारत नव्हता. मी जरा वेळ गप्प राहिलो. धीराचे दोन शब्द ओठांवर आले होते, पण ते त्याने क्लासमध्ये पुष्कळ ऐकले असणार. मला आठवला तो प्रसंग: हान ली गावी परततो तो धाकट्या बहिणीच्या लग्नादिवशी, आणि लांबूनच पाहून निघून जातो.

"राहिला असता," मी म्हणालो. "पण बहिणीच्या लग्नात पंगतीला बसला असता."

तो कठड्यावर रेलून रस्त्याकडे बघत राहिला. मग विचारले, "मामा, तुम्ही कितव्या प्रकरणापर्यंत आलात?"

"तीनशे बारा."