ग्रिलचा जाळ आवरेना, तेव्हा दोष नेमका कुठे असतो?

हिंगोली जिल्ह्यात उष्णतेवर ताबा ठेवण्याची गरज दरवर्षी सर्वांत मोठ्या प्रमाणावर भासते ती हळद काढणीनंतर, कारण भौगोलिक मानांकन लाभलेली वसमतची हळद वाळत घालण्यापूर्वी शिजवावी लागते आणि त्यासाठी पूर्वी काहिलीत, आता बहुधा वाफेच्या पिंपांत, तासन्‌तास जाळ चालू ठेवावा लागतो. हा जाळ थोडाफार वाढला तरी हळकुंड करपत नाही, कारण पाणी उकळू लागले की त्याचे तापमान तेथेच थांबते आणि जादा उष्णता वाफेच्या रूपाने निघून जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरच्या हिंगोलीत ही मर्यादा १०० अंश सेल्सियसपेक्षाही किंचित खाली, साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास असते. ग्रिलला, म्हणजे ज्योतीवर जाळी किंवा सळया ठेवून पदार्थ भाजण्याच्या शेगडीला, अशी कोणतीही नैसर्गिक मर्यादा नसते. जेवढी उष्णता आत येते तेवढीच बाहेर पडू लागेपर्यंत तिचे तापमान चढत राहते, आणि हा समतोल दोनशे अंशांवर साधेल की चारशेवर, हे गॅसचा दाब, छिद्राचा आकार आणि झाकण या तीन गोष्टी ठरवतात.

१९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या आणि संस्थानाच्या फौजेची छावणी पाहिलेल्या या गावाला निखाऱ्यावरची सीग नवी नाही. नवा आहे तो गॅस. निखाऱ्याची आच राख झटकून, वारा घालून किंवा कोळसे बाजूला सारून हाताने सांभाळली जाते, तर गॅसच्या ग्रिलवर ते काम एका खटक्यावर सोपवलेले असते, आणि खटका पूर्ण मागे फिरवूनही जाळ मंदावत नसेल तर भाजणाऱ्याचा नाइलाज होतो. पनीर वरून काळे आणि आतून थंड, किंवा कोंबडीचा तुकडा बाहेरून कोळसा आणि हाडाशी कच्चा, अशी तक्रार मग ऐकू येते. यामागे स्वयंपाकाचे अज्ञान असतेच असे नाही. मांस किंवा पनीर उष्णतेचे मंद वाहक असल्याने तुकड्याची जाडी दुप्पट झाली की उष्णता मध्यापर्यंत पोहोचण्यास साधारण चौपट वेळ लागतो. त्यामुळे बाहेरची आच कितीही वाढवली तरी आतील भाग त्या प्रमाणात लवकर शिजत नाही, पृष्ठभाग मात्र जळून जातो.

शिवाय ग्रिलवर पदार्थाला मिळणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा तापलेल्या धातूपासून निघणाऱ्या प्रारणाचा, म्हणजे हवेच्या मदतीवाचून किरणांच्या रूपाने येणाऱ्या उष्णतेचा असतो. योझेफ श्टेफान यांनी १८७९ मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडलेल्या आणि लुडविग बोल्ट्झमान यांनी १८८४ मध्ये सिद्धान्तातून मिळवलेल्या नियमानुसार हे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या तापमानाच्या, चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. सळयांखालची पत्री ४२७ अंशांवरून ५२७ अंशांवर गेली, तर निरपेक्ष तापमान ७०० वरून ८०० होते, आणि पदार्थावर पडणारी किरणांची उष्णता सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढते. ग्रिल ‘जरा जास्त’ तापले की पदार्थ ‘जरा जास्त’ न भाजता सरळ करपतो, याचे कारण या चौथ्या घातात आहे.

दोष शोधताना पहिला प्रश्न असा विचारावा लागतो की सर्वच बर्नर अतिरेकी जळतात की एखादाच. सर्व बर्नरांना एकाच रेग्युलेटरमधून गॅस मिळत असल्याने सर्वांचा जाळ एकदम वाढलेला असेल तर संशय रेग्युलेटरवर घ्यावा, आणि एकाच बर्नरचा जाळ मोठा असेल तर त्याच्या जेटवर किंवा खटक्यावर. हा एवढा विचार न करता थेट खटका खोलून बसण्याची सवय सर्वत्र आढळते, आणि तीत वेळ जातो तो वेगळाच, पण चांगला चालणारा भागही बिघडतो.

रेग्युलेटरचे काम समजून घेण्यासाठी टाकीतील परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण दाबाखाली द्रवरूपात असते आणि द्रवाच्या वर त्याचीच वाफ साठलेली असते. या वाफेचा दाब टाकीत द्रव किती शिल्लक आहे यापेक्षा तो किती तापलेला आहे यावर अवलंबून असतो. जानेवारीतल्या सकाळी पंधरा अंशांवर जो दाब असतो तो मे महिन्यातल्या दुपारी पंचेचाळीस अंशांवर दुपटीहून अधिक होतो. प्रोपेन ब्युटेनपेक्षा सहज उडून जात असल्यामुळे ते आधी संपत जाते, म्हणून भरलेल्या नव्या टाकीचा दाब संपत आलेल्या टाकीपेक्षा अधिक असतो. हे सर्व चढउतार गिळून शेगडीकडे वातावरणापेक्षा केवळ ३० मिलिबार, म्हणजे सुमारे तीस सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा, जास्तीचा दाब पाठवणे हे घरगुती रेग्युलेटरचे काम असते. त्याच्या आत रबराचा एक पडदा, त्यावर स्प्रिंग आणि पडद्याला तरफेने जोडलेली बारीक झडप असते. पुढचा दाब वाढला की पडदा वर उचलला जातो आणि झडप मिटते. झडपेच्या बैठकीवर कचरा अडकला, स्प्रिंग बिघडली किंवा पडद्यावरील हवा आतबाहेर जाण्याचे छिद्र धुळीने आणि तेलाच्या चिकट थराने बुजले, तर ही मिटण्याची क्रिया अर्धवट राहते. नवी टाकी लावली की जाळ भडकतो आणि टाकी संपत आली की शांत होतो, किंवा थंडीत नीट चालणारे ग्रिल उन्हाळ्यात हाताबाहेर जाते, असे दिसले तर रेग्युलेटर नियमन करत नसून टाकीचा दाब तसाच पुढे जाऊ देत आहे, असे निदान करण्यास हरकत नाही.

याहून गंभीर प्रकार म्हणजे चुकीचाच रेग्युलेटर. हॉटेलांतील भट्ट्यांसाठी हाताने फिरवून दाब कमीजास्त करता येणारा मोठ्या दाबाचा रेग्युलेटर मिळतो, आणि एक भट्टी व एक ग्रिल शेजारीशेजारी चालवणाऱ्या गाड्यांवर तो सोयीखातर ग्रिललाही जोडला जाण्याचा संभव असतो. छिद्रातून बाहेर पडणाऱ्या वायूचे प्रमाण कमी दाबाच्या पट्ट्यात दाबाच्या वर्गमुळानुसार वाढते, म्हणजे दाब चौपट झाला तर गॅस दुप्पट जातो. या हिशेबाला थोडी दुरुस्ती करून ३० मिलिबारसाठी बनवलेल्या जेटला १ बारचा दाब दिला तर पाचपटीच्या आसपास गॅस बाहेर फेकला जातो. अशा वेळी ज्योत बर्नरपासून सुटून वर तरंगते आणि मोठा फुत्कार ऐकू येतो. येथे खटका कितीही मागे फिरवला तरी उपयोग नाही. हा रेग्युलेटर काढून ग्रिलला साजेसा कमी दाबाचा रेग्युलेटर बसवणे हाच उपाय आहे.

एकाच बर्नरचा दोष असेल तेव्हा जेट पाहावे. जेट म्हणजे पितळेचा लहानसा तुकडा, ज्याच्या एक मिलिमीटरहूनही बारीक छिद्रातून गॅस वेगाने निघतो आणि जाताना बाजूची हवा स्वतःबरोबर ओढून नेतो; रॉबर्ट बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत १८५५ च्या सुमारास घडलेल्या बर्नरपासून आजच्या शेगडीपर्यंत हेच तत्त्व चालत आले आहे. हे छिद्र बुजले की सुई किंवा तार घालून साफ करण्याचा प्रघात आहे, आणि घोळ तेथेच होतो. पितळ मऊ धातू आहे, ०.७ मिलिमीटरचे छिद्र घासून ०.८ झाले, म्हणजे फरक केसाच्या जाडीएवढाच पडला, तरी छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानुसार वाढत असल्याने गॅस तीस टक्के जास्त जातो. हवा त्या मानाने वाढत नाही, म्हणून ज्योतीची टोके पिवळी पडतात आणि जाळीवर काजळी धरते. मोठा आणि पिवळा जाळ छिद्राकडे बोट दाखवतो, तर मोठा, निळा आणि सुटलेला जाळ दाबाकडे.

छिद्राचा आणखी एक प्रकार पुण्या-मुंबईहून सामान घेऊन गावी परतणाऱ्या कुटुंबांच्या वाट्याला येतो. महानगर गॅस ही कंपनी १९९५ पासून मुंबईत आणि महाराष्ट्र नॅचरल गॅस २००६ पासून पुण्यात घरोघरी नळाने नैसर्गिक वायू देण्याच्या कामात आहे. नळाचा हा वायू मुख्यतः मिथेन असल्याने त्याच्या दर घनमीटरात टाकीतील वायूच्या मानाने निम्म्याहून कमी उष्णता असते आणि त्याचा दाबही घरात २१ मिलिबारच असतो. ही तूट भरून काढण्यासाठी जोडणी देताना शेगडीचे जेट मोठ्या छिद्राचे बसवले जाते. तीच शेगडी किंवा ग्रिल हिंगोलीत आणून टाकीला जोडले की उष्णता ठरलेल्या प्रमाणाच्या दुपटीच्या जवळ जाते. वस्तू नवीकोरी, रेग्युलेटर निर्दोष, तरीही जाळ आवरेना, अशा कोड्याचे उत्तर पुष्कळदा या जेटमध्ये असते, आणि ते बदलण्यास फारसा खर्च येत नाही.

या सर्व तपासण्या होऊनही ग्रिल तापत असेल तर बिघाड नसून वापराची रीत बदलण्याची गरज असते. कोणत्याही बर्नरला किमान मर्यादा असते. गॅस फार कमी केला तर मिश्रणाचा वेग ज्योतीच्या वेगापेक्षा कमी पडून ज्योत नळीत मागे शिरते, म्हणून उत्पादक त्याआधीच खटक्याची हालचाल थांबवतात. झाकण बंद ठेवल्यास ही किमान उष्णताही आत कोंडून तापमान चढवत राहते. दोन किंवा तीन बर्नर असतील तर एक पूर्ण बंद ठेवून पदार्थ त्या बाजूला सरकवणे आणि झाकण अर्धवट उघडणे, हे सर्व बर्नर मंद करण्याच्या खटाटोपापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. झाकणावरील तापमापकावर भिस्त ठेवू नये, कारण तो वरच्या हवेचे तापमान दाखवतो, सळईचे नव्हे. त्याची सुई खरी आहे का हे उकळत्या पाण्यात बुडवून पाहता येते, मात्र हिंगोलीत ती शंभरावर न थांबता दीड अंश अलीकडे थांबली तर तो दोष समजू नये. जाळीवर सर्वत्र ॲल्युमिनियमची पन्नी अंथरणे किंवा वारा अडवण्यासाठी गाडीला चहूबाजूंनी पत्रे ठोकून टाकी त्यांच्या आतच ठेवणे, हे दोन्ही प्रकार उष्णता खटका, नळी आणि टाकीकडे वळवतात आणि म्हणून सर्वथा टाळावेत.

जेट बदलणे जाणकार मेकॅनिककडून करून घेता येते. रेग्युलेटर मात्र घरी खोलण्याची वस्तू नाही, तो वितरकाकडून बदलूनच घ्यावा. टाकी, नळी किंवा जेट हलवल्यानंतर प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे, काडी कधीही ओढू नये, कारण हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गाडीखाली आणि नालीत साचून राहतो. वास येत असेल तर टाकी बंद करून, विजेचे कोणतेही बटण न दाबता मोकळ्या जागेत यावे आणि गॅसगळतीसाठी देशभर चालणाऱ्या १९०६ या क्रमांकावर कळवावे.