ओरॅकलमधली नोकरी, आंब्याची लागवड आणि मग वाइन: राजीव सामंत यांना कोणता अनुभव कामी आला?

'सुला विनयार्ड्स'चे संस्थापक राजीव सामंत वाइन बनवण्याचं शिक्षण घेऊन या धंद्यात आले नव्हते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्र आणि इंजिनिअरिंग शिकलं, मग ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीत फायनान्सची नोकरी केली. तरीही नाशिकमधली त्यांची कंपनी देशातली सर्वांत मोठी वाइन उत्पादक झाली. हे कसं जमलं?

आधी शेतीत हात पोळले

1990 च्या दशकात सामंत भारतात परतले. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात कुटुंबाची जमीन होती. तिथे त्यांनी आंबा, गुलाब, खायची द्राक्षं असे प्रयोग केले, पण मनासारखं उत्पन्न मिळालं नाही. मात्र त्यातून जमीन आणि हवामान कळलं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यातल्या थंड रात्री द्राक्षांना मानवतात. 1997 मध्ये त्यांनी सोव्हिन्यॉं ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या वाइनच्या जाती लावल्या.

माहीत नव्हतं, ते विचारलं

वाइन बनवण्यासाठी त्यांनी कॅलिफोर्नियातले वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांची मदत घेतली. पण तिकडचं वेळापत्रक इथे चालणार नव्हतं. कॅलिफोर्नियात थंडीत वेल सुप्त राहते आणि साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. नाशिकमध्ये त्या काळात पाऊस! म्हणून इथे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. फळासाठीची छाटणी पाऊस ओसरताना करतात आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येते. बाहेरच्या ज्ञानाला स्थानिक शेतीची जोड द्यावी लागली.

फायनान्सचा काय उपयोग?

द्राक्षं वर्षातून एकदाच येतात. शेतकऱ्यांचे पैसे द्यायचे असतात, पण वाइनची विक्री वर्षभर चालते आणि काही रेड वाइन तर बराच काळ पिंपात मुरते. म्हणजे पैसा आधी जातो, सावकाश परत येतो. हा ताण आधीच ओळखून पैशांची सोय न केल्यास चांगली वाइन बनवणारी कंपनीही अडचणीत येऊ शकते.

जाहिरात बंद, मग ग्राहक कसा येणार?

भारतात मद्याच्या थेट जाहिरातीवर बंधनं आहेत. त्यामुळे ग्राहकालाच द्राक्षबागेत बोलावण्याचा मार्ग निवडला गेला. 2005 मध्ये सुलाने वाइन चाखण्यासाठी टेस्टिंग रूम सुरू केली. वाइन पहिल्यांदाच पिणाऱ्यांना तिथे ती समजावून सांगता येऊ लागली. कॅलिफोर्नियात वाइन पर्यटन आधीपासूनच रुजलेलं होतं.

सगळं श्रेय अनुभवाचंच?

नाही. कुटुंबाची जमीन हाताशी होती. द्राक्ष पिकवण्यात मुरलेले नाशिकचे शेतकरी होते. 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं आणि राज्यातल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. ही साथ प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

डिसेंबर 2022 मध्ये सुला शेअर बाजारात आली. या प्रवासातून नोकरी बदलणाऱ्यांनी घेण्यासारखी गोष्ट एकच: नुसत्या नोकऱ्या बदलून नेतृत्व येत नाही. आधीच्या कामातलं काय इथे लागू पडतं आणि कुठे दुसऱ्याला विचारावं लागेल, हे ओळखता आलं तरच तो अनुभव कामाचा.