डिझेल इंजिनात उंडीचे व तळणीचे तेल

वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंतच्या किनाऱ्यावर, पुळणीच्या कडेला व परसांतून, उंडीची झाडे ठिकठिकाणी आढळतात. गावोगाव वीज येण्यापूर्वी या झाडाच्या बियांचे हिरवट, कडू तेल दिव्यांत जळत असे व होड्यांच्या लाकडालाही लावले जात असे. रॉकेल आले, मागाहून वीज आली, आणि आता पुष्कळसे बी झाडाखालीच कुजून जाते. दुसरीकडे, मालवण-तारकर्लीच्या खानावळींतून मासे तळून उरलेल्या तेलाची विल्हेवाट कशी लावावी, हा एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. ही दोन्ही तेले डिझेलच्या जागी चालतील काय? चालतील, परंतु ज्या अटींवर ती चालतात त्या समजून न घेता प्रयोग केल्यास इंजिन निकामी होण्याचा संभव फार.

ही कल्पना मुळीच नवी नव्हे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ओटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले. ते इतके सुरळीत चालले की, त्यात कोणते तेल घातले आहे हे फार थोड्या लोकांच्या ध्यानी आले. दुसऱ्या महायुद्धात खनिज तेलाची टंचाई पडली तेव्हाही अनेक देशांत असे प्रयत्न झाले. युद्ध संपून डिझेल स्वस्त झाले आणि ते मागे पडले.

अडचण जळण्याची नाही, दाटपणाची आहे. वनस्पती तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट किंवा त्याहूनही अधिक दाट असते. इंजिनात तेलाचा फवारा अगदी बारीक उडावा लागतो. दाट तेलाचे थेंब मोठे पडतात व पुरते जळत नाहीत. न जळलेला अंश फवाऱ्याच्या तोंडाशी व पिस्टनच्या कड्यांत काजळी होऊन बसतो. काही तेल खाली वंगणात उतरते आणि वंगण खळीसारखे घट्ट होते. हे सारे पहिल्या दिवशी दिसत नाही. इंजिन काही आठवडे उत्तम चालते, मालक निश्चिंत होतो, आणि मग एके दिवशी ते सुरूच होत नाही. फसगत होते ती येथेच.

दाटपणा कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, तेल तापविण्याचा. यासाठी दोन टाक्या बसवितात. इंजिन डिझेलवर सुरू करावयाचे; ते चांगले तापले म्हणजे त्याच्याच उष्णतेने ७० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत ऊन केलेले वनस्पती तेल सोडावयाचे; आणि बंद करण्यापूर्वी काही मिनिटे पुन्हा डिझेलवर आणावयाचे, म्हणजे नळ्यांत दाट तेल राहत नाही. पाणी खेचणाऱ्या जुन्या, मंदगती इंजिनांना ही पद्धत एक वेळ मानवते. वंगण मात्र नेहमीपेक्षा लवकर बदलावे लागते. आजच्या नव्या मोटारी व ट्रॅक्टर यांच्या नाजूक इंजेक्टरांत असे तेल कदापि घालू नये. समुद्रात जाणाऱ्या होडीवर तर हा प्रयोग करूच नये. शेतातील पंप बंद पडला तर पाणी उशिरा मिळेल, खोल पाण्यात इंजिन बंद पडले तर माणसांच्या जिवाशी गाठ आहे.

दुसरा मार्ग रासायनिक. कॉस्टिक सोड्याच्या साहाय्याने तेलाचा मेथॅनॉलशी संयोग घडविला असता ग्लिसरीन वेगळे होऊन तळाशी बसते व वर पातळ बायोडिझेल राहते. त्याची शुद्धता भारतीय मानक १५६०७ नुसार ठरते. उंडीच्या कच्च्या तेलात मुक्त मेदाम्ले फार असल्याने त्यावर आधी आम्लाची प्रक्रिया करावी लागते, नाहीतर साबणच तयार होतो. मेथॅनॉल हे विषारी व चटकन पेट घेणारे द्रव्य आहे; तेव्हा हे काम घराच्या पडवीत करण्याचे नव्हे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात उंडीच्या तेलाचा या दृष्टीने अभ्यास झालेला आहे.

तळणीच्या तेलात माशांचे कण, मसाला, मीठ व पाणी असते. मीठ व पाणी यांनी पंपाचे लोखंड गंजते. म्हणून ते काही दिवस स्थिर ठेवून निवळू द्यावे, साका टाकून वरचे तेल जाड कापडातून गाळावे आणि पाणी उडून जाईपर्यंत मंद तापवावे. थेंबभर तेल तापल्या तव्यावर टाकून पाहावे. तडतडले तर पाणी शिल्लक आहे. खोबरेल मिसळलेले तेल थंडीच्या पहाटे थिजते व गाळणी तुंबते, हेही कोकणात ध्यानात ठेवले पाहिजे.

या तेलाची दुसरी वाट अधिक घातक आहे. पुन्हापुन्हा तापविलेले तेल स्वस्तात विकले जाऊन परत खाण्यात येते. १ जुलै २०१८ पासून, ज्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाली आहेत ते अन्नासाठी वापरण्यास मनाई आहे. त्याच वर्षी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने असे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळविण्याची योजना सुरू केली. ग्रामसेवकांनी खानावळवाल्यांना, निदान हे तेल गटारात वा फिरत्या विक्रेत्याच्या डब्यात न ओतता अधिकृत संग्राहकाकडे देण्यास सांगावे.

उंडीचे बी वेचावयाचे असल्यास पडलेली फळे लवकर उचलावीत. वटवाघळे ती दूर नेऊन टाकतात; तेव्हा त्यांच्या वस्तीच्या झाडांखालीही पाहावे. कवच फोडून गर उन्हात चांगला वाळवावा आणि मगच घाण्यावर न्यावा. वाळलेल्या गरात निम्म्याहून अधिक तेल असते. पेंड जनावरांना घालू नये, ती खत म्हणून शेतात टाकावी.