जाळं समुद्रातच राहतं तेव्हा

वसई, अर्नाळा, वर्सोवा या पट्ट्यात डोल लावतात. भरती-ओहोटीच्या धारेत तोंड उघडं ठेवून रोवलेली ती लांबलचक पिशवीच. पाणी आरपार जातं आणि वाहत आलेलं बाकी सगळं टोकाशी साचतं. टोकाची गाठ सोडली की होडीत ढीग पडतो: बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, आणि त्यांच्यात कालवलेली वेफर्सची पाकिटं, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, शाम्पूच्या पुड्या. खलाशी हातानं निवडायला बसतात. मासळी टोपलीत जाते आणि प्लास्टिक बहुतेक वेळा परत पाण्यात. पुढच्या भरतीला तेच पुन्हा डोलीत येणार, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण होडीत जागा नसते, आणि सांभाळून बंदरावर आणलं तरी तिथे ते घ्यायला कोण बसलंय?

मासेमारी आणि प्लास्टिक म्हटलं की हा ढीग कुणाला आठवत नाही. आठवतं ते जाळ्यात गुरफटलेलं कासव. तेही खरंच आहे, पण त्याच्याभोवती ऐकीव गोष्टी बऱ्याच जमल्या आहेत.

त्यातली सगळ्यात लाडकी म्हणजे समुद्रातलं निम्मं प्लास्टिक मासेमारीचं असतं, ही. २०२१ साली नेटफ्लिक्सवर ‘सीस्पिरसी’ हा माहितीपट आला आणि ४६ टक्के हा आकडा घरोघरी पोचला. आकडा खोटा नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातला आहे. मात्र तो हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मधल्या कचऱ्याच्या पट्ट्यापुरता आहे, आणि तोही वजनावर काढलेला. तिथे सुमारे ७९,००० टन प्लास्टिक तरंगतं आहे आणि त्यातलं ४६ टक्के वजन जाळ्यांचं. किनाऱ्यापासून इतक्या लांब वर्षानुवर्षं टिकून राहील असं दणकट आणि तरंगणारं काय असतं? जाळी आणि दोर. पिशव्या, पाकिटं तिथवर जाईपर्यंत बुडतात, फाटतात किंवा किनाऱ्याला लागतात. हाच आकडा आपल्या खाडीला लावणं म्हणजे माथेरानचा पाऊस मोजून साताऱ्याच्या धरणाचा हिशेब करण्यासारखं आहे.

दुसरा प्रसिद्ध आकडा दरवर्षी ६,४०,००० टन मासेमारीची साधनं समुद्रात जातात, असं सांगतो. त्याची वंशावळ गमतीदार आहे. १९७५ साली समुद्रात टाकल्या जाणाऱ्या कचऱ्याचा एक ढोबळ अंदाज अमेरिकेत बांधला गेला होता, ६४ लाख टनांचा. पुढे कुणीतरी त्याचा दहावा हिस्सा मासेमारीचा धरला, आणि तो हिस्सा आजतागायत ताजा आकडा म्हणून फिरतो आहे. नीट विचारपूस करून काढलेला अंदाज २०२२ साली आला. सात देशांतल्या ४५० मच्छीमारांना विचारून संशोधकांनी हिशेब मांडला की वर्षाकाठी सुमारे दोन टक्के साधनं हरवतात. ऐकायला हे थोडं वाटतं. पण त्यात फक्त माशांच्या कल्ल्यांत अडकणारी जाळीच २,९६३ चौरस किलोमीटर भरतात. बृहन्मुंबई जवळजवळ पाच वेळा झाकली जाईल एवढी.

‘हरवतात’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. कोळी जाळी फेकून देतात, हा समज शहरात घट्ट बसलेला आहे. जाळं हे नाखव्याचं भांडवल आहे, बऱ्याचदा कर्ज काढून घेतलेलं. ते तो खुशीनं कशाला टाकेल? जाळं खडकात अडकतं, वादळात दोर तुटतो, आणि रात्री लावून ठेवलेल्या जाळ्यावरून एखादा ट्रॉलर जातो. आपल्या किनाऱ्यावर शेवटचं कारण भांडणाचं आहे आणि त्याबद्दल मोठ्या बोटींचे मालक फारसे बोलत नाहीत. फेकलं जातं ते वेगळंच. जून-जुलैच्या बंदीत बोटी वर ओढल्या की मांडवात बसून जाळी तुणतात. फाटका भाग कापायचा, नवा जोडायचा. संध्याकाळी पायाशी हिरव्या-निळ्या धाग्यांचा कचरा साचलेला असतो. झाडूनं तो जेट्टीच्या कडेला लोटला की उरलेलं काम भरती करते.

हरवलेल्या जाळ्याबाबत नॉर्वेनं केलं ते मला शहाणपणाचं वाटतं. तिथे जाळं हरवलं तर मच्छीमारानं आधी शोधायचं आणि नाहीच सापडलं तर जागा कळवायची. १९८३ पासून सरकारी मोहिमेत बोट दरवर्षी समुद्रात जाते आणि गळ ओढून ती जाळी वर काढते. हरवल्याचं सांगणाऱ्यालाच दंड होणार असेल तर सांगायला कुणी येणार नाही, हे त्यांना वेळेवर कळलं.

हरवलेलं जाळं मासे धरत राहतं हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण किती काळ, ते मात्र जागेवर अवलंबून असतं. उथळ, प्रवाहाच्या पाण्यात शेवाळ धरून ते काही महिन्यांत गुंडाळलं जातं आणि त्याची धार बोथट होते. खोल, शांत पाण्यात वर्षानुवर्षं चालू राहतं. अडकून मेलेला मासा खायला खेकडे येतात, तेही अडकतात.

किनारा साफ केला की काम झालं, असं समजणाऱ्यांनी एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. नायलॉन समुद्राच्या पाण्यापेक्षा जड असतं. बोये तुटले की ते तळाशी जातं. वाळूवर येतात ते पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचे दोर आणि थर्माकोलचे तुकडे. अफरोज शाह आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१५ पासून वर्सोव्याला केलेल्या किनारा-सफाईचं मोल यानं कमी होत नाही, फक्त तळाशी काय पडलंय ते किनाऱ्यावरून दिसत नाही.

पूर्वीची सुताची, तागाची जाळी बरी होती, असंही कुणी म्हणतं. पाण्यात राहिली तर कुजायची, हे खरं. पण म्हणूनच ती रोज सुकवावी लागत आणि सालींच्या काढ्यात रंगवावी लागत. त्या कष्टांकडे परत जा असं कोळ्यांना सांगायला मी तरी जाणार नाही. समुद्रात कुजणाऱ्या नव्या धाग्याच्या चाचण्या नॉर्वे आणि कोरियात झाल्या आहेत. अडचण अशी की त्यात मासळी कमी लागते.

जुन्या जाळ्याचं पुढे काय होतं? कोकणात ते परसात जातं, भाजीवर कोंबड्या-गुरं येऊ नयेत म्हणून. उरलेलं भंगारात. बाटलीसारखं ते सहज वितळवता येत नाही. अंग नायलॉनचं, दोर दुसऱ्याच प्लास्टिकचा, खाली शिशाची वजनं, वर बोये, सगळ्यात मीठ, वाळू आणि खवले. ते हातानंच सोडवावं लागतं. सोडवलेल्या नायलॉन-६ चं मात्र पुन्हा मूळ रसायन करून नवा धागा काढता येतो.

महाराष्ट्रात २०१८ च्या डिसेंबरपासून एक चांगली योजना चालू आहे. जाळ्यात सापडलेलं कासव, देवमासा किंवा दुसरा संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला आणि त्याचे फोटो दाखवले, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासवाला त्याचा फायदा झाला. डोलीतल्या वेफर्सच्या पाकिटासाठी मात्र अशी काही सोय नाही.

केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरात २०१७ साली तशी सोय करून पाहिली. बोटींना पिशव्या दिल्या आणि जाळ्यात आलेलं प्लास्टिक त्यात भरून आणायला सांगितलं. बंदरावर बायका ते धुऊन निवडायच्या, यंत्रात त्याचा चुरा व्हायचा आणि तो रस्त्याच्या डांबरात जायचा. पहिल्या दहा महिन्यांत २५ टन आलं. प्लास्टिक डांबरात घालावं का यावर वाद होऊ शकतो, आणि व्हावाही. पण ते परत पाण्यात गेलं नाही. आपल्या बंदरांवर बर्फाला शेड आहे, डिझेलला पंप आहे, लिलावाला ओटा आहे. त्यांच्या शेजारी पोतं उतरवून घेणारा एक माणूस आणि निवडणाऱ्या चार बायकांची मजुरी, एवढाच खर्च वाढणार आहे.