नागपूर आणि ब्रिटन : संग्रह, नामकरण आणि सांस्कृतिक संबंधांची बदलती दिशा

ब्रिटिश आणि भारतीय समाजांच्या सांस्कृतिक संबंधांचा विचार करताना इंग्रजी शिक्षण, छापखाना, रेल्वे, क्रिकेट अशी एक ठरावीक यादी पुढे येते. ही यादी चुकीची नाही. परंतु कोणाकडून कोणाकडे काय गेले आणि ते कोणाच्या नावावर जमा झाले, हा प्रश्न तीत हरवून जातो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न नागपूरच्या संदर्भात तपासला आहे. त्यासाठी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे कार्य हा प्रारंभबिंदू घेतला आहे. विदर्भात हिस्लॉप हे नाव सर्वांना परिचित आहे ते १८८३ मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयामुळे. त्या नावामागचा माणूस मात्र फारसा ठाऊक नसतो.

हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील डन्स या गावी १८१७ मध्ये झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या सत्तेचे भवितव्य ठरले, हा निव्वळ योगायोग होय. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून ते १८४५ च्या प्रारंभी नागपुरास आले आणि पुढील वर्षी त्यांनी शाळा सुरू केली. नागपूर तेव्हा नावाने भोसल्यांचे राज्य होते. तिसरे रघुजी १८५३ मध्ये निधन पावले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. हिस्लॉप यांचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता, हे विसरून त्यांचे गुणगान करणे जितके अनुचित, तितकेच तेवढ्यावरून त्यांचे संशोधन बाजूला सारणेही अनुचित ठरेल.

भूगर्भशास्त्र हा त्यांचा व्यासंग होता. नागपूर परिसरात काळ्या बेसाल्ट खडकाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातील गाळाचे पातळ थर सापडतात. लाव्हारसाचे दोन प्रवाह येऊन गेले, त्यांच्या मधल्या काळात तेथे तळी होती, याचा हा पुरावा होय. या थरांतून, विशेषतः नागपूरजवळच्या टाकळीतून, हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी शंखशिंपले, फळे आणि बिया यांचे जीवाश्म गोळा केले. त्यांचा नागपूरच्या भूरचनेवरील निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिणेकडील मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केले व तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. नागपूरच्या वनस्पती-जीवाश्मांवर चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये लिहिले. 'हिस्लोपाइट' हे खनिजाचे आणि 'हिस्लोपिया' हे गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म प्राण्याचे नाव हिस्लॉप यांच्यावरून पडले. येथे संबंधांची दिशा स्पष्ट दिसते : वस्तू नागपूरची, नाव आणि निर्णय लंडनचा.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो अनवधानाने घडला. १८७० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मेडलिकॉट व फाइस्टमांटेल यांनी मध्य भारतातील या प्राचीन थरांना 'गोंडवाना' हे नाव दिले. १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने ते एका लुप्त महाखंडाला लावले. ज्या गोंड राजवंशातील बख्त बुलंद शहा यांनी नागपूर वसविले, त्यांच्या जमातीचे नाव अशा रीतीने जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. नाव गेले, माणसे मात्र होती तिथेच राहिली.

गोंडांविषयीचे हिस्लॉप यांचे काम म्हणूनच अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यांनी मध्य प्रांतातील आदिवासी जमातींविषयी टिपणे, शब्दसंग्रह आणि गीते जमविली. त्यांत लिंगोची दीर्घ कथा होती. गोंडांचा मुक्तिदाता आणि धर्मसंस्थापक लिंगो याचे हे आख्यान परधानाच्या तोंडून उतरवून घेतलेले होते. परधान हे गोंडांचे परंपरागत कथागायक. बाना हे तंतुवाद्य वाजवीत कुळांच्या आणि देवांच्या कथा सांगणे हे त्यांचे कार्य. हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांनी ही कागदपत्रे १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. रोमन लिपीतील गोंडी पाठ आणि सोबत इंग्रजी भाषांतर असे तिचे स्वरूप होते. पुढे १८७१ मध्ये कॅप्टन फोर्साइथ यांनी आपल्या ग्रंथात ही कथा लाँगफेलोच्या 'हायवाथा'च्या छंदात मांडली. तो छंद लाँगफेलोने फिनलंडच्या महाकाव्यावरून घेतलेला होता. म्हणजे विदर्भातील परधानाची कथा फिनलंड आणि अमेरिका अशा वळणाने इंग्रज वाचकांपर्यंत पोहोचली! मौखिक कथेचा सूर तीत किती उरला असेल, हे सांगावयास नको. हिस्लॉप, टेम्पल, फोर्साइथ, लाँगफेलो ही नावे सर्वांना ठाऊक झाली. ज्याने कथा सांगितली, तो मात्र केवळ 'एक परधान' राहिला. तथापि हा पाठ त्या वेळी लिहून घेतला गेला नसता, तर लिंगोकथेचे इतके जुने लिखित रूप आज अभ्यासकांच्या हाती नसते, हेही मान्य करावे लागते.

हिस्लॉप यांचा अंतही शोधकार्यातच झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून बोरीच्या मुक्कामाकडे परतताना ते पुराने फुगलेल्या ओढ्यात बुडाले. वयाची ४६ वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते. त्याच वर्षी नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. लोकांनी त्याला 'अजब बंगला' हे नाव दिले.

या टाकळघाटाची पुढील कथा संबंधांतील बदल दाखविते. १९६८-६९ मध्ये, म्हणजे १०५ वर्षांनी, नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. शिलावर्तुळांखालची दफने आणि ती रचणाऱ्या लोकांची वस्ती या दोहोंचा मेळ त्यातून घालता आला आणि विदर्भातील लोहयुगीन महापाषाणीय संस्कृती इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकात निश्चित करता आली. अहवालही नागपूर विद्यापीठानेच प्रकाशित केला. विद्येची पद्धत पाश्चात्त्य होती. प्रश्न, हात आणि निष्कर्ष येथील होते. लिंगोकथेबाबतही असेच घडले. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारे डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांनी लिंगो आणि कोया पुनेम यांवर विपुल लेखन केले. त्यांचे सर्वच निष्कर्ष, विशेषतः सिंधू लिपीविषयीचे, सर्वमान्य नाहीत. परंतु ज्या समाजाविषयी लिहिले जात होते, तो आता स्वतःविषयी लिहू लागला, हे महत्त्वाचे.

अलीकडच्या काळात प्रवाह उलटाही वाहू लागला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात राहत होते, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. निवासी वस्तीत संग्रहालय नको, असा आक्षेप स्थानिक पातळीवर घेतला गेला. २०२० मध्ये परवानगी मिळाली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेमुळे नागपूरशी अतूट जोडल्या गेलेल्या महामानवाचे स्मारक आता लंडनच्या नकाशावर आहे. एप्रिल २०२५ मध्ये शासनाने पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांस मिळविली. सीताबर्डीच्या लढाईनंतर ती परदेशी गेली असावी, असा तर्क केला जातो. तिचे पाते युरोपीय बनावटीचे आहे आणि त्यावर देवनागरीत रघुजींचे नाव कोरलेले आहे. अशा तलवारीला मराठीत 'फिरंग' म्हणत. अठराव्या शतकातील देवाणघेवाण समजून घेण्यास ही एक वस्तू पुरेशी आहे.

तलवार परत आल्याचा आनंद स्वाभाविक आहे. मात्र हिस्लॉप यांनी गोळा केलेले जीवाश्म लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत आणि त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. शंखशिंपल्यांना मिरवणूक नसते. टाकळीच्या जीवाश्मांवर काम करू इच्छिणाऱ्या विदर्भातील विद्यार्थ्याला मूळ नमुने पडताळण्यासाठी आजही तिकडेच पाहावे लागते.