जंगलातल्या गावाला काय विचारावे?

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या आणि पांढरा डगला घातलेला मनुष्य उभा राहतो. पण संशोधन माणसांच्या जगण्याविषयीही होते. वही घेऊन एखादा परका गृहस्थ गावात येतो, घरात माणसे किती, बैल किती, कर्ज किती असे विचारतो, चहा पितो आणि जातो. त्या वहीचे पुढे काय झाले, हे गावाला कळत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा, सडक-अर्जुनी, अर्जुनी-मोरगाव या जंगलपट्टीने असे पाहुणे पुष्कळ पाहिले आहेत. तेव्हा ‘ह्या पाहणीचा आम्हाला उपयोग काय?’ असे तुम्ही विचाराल, तर ते रास्तच आहे.

उपयोग आहे, आणि तो थेट जमिनीशी व पोटाशी जोडलेला आहे. 2006 साली संसदेने वनहक्क कायदा केला, 2008 च्या आरंभी त्याचे नियम निघाले. जंगल राखण्याचा, वापरण्याचा आणि त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्क गावाला मागता येतो, तो या कायद्याने. पण हक्क मागायचा तर पुरावा हवा. पुरावा म्हणजे शिक्क्याचा कागद, असे आपण धरून चालतो. नियमांत मात्र पुराव्याची यादी बरीच मोठी आहे. ग्याझेटियर, जनगणना, निस्तारपत्रक हे त्यात आहेच. शिवाय जुन्या विहिरी आहेत, दफनभूमी आहे, देवाची झाडे आणि देवराया आहेत, घराण्याची वंशावळ आहे, गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली व लिहून घेतलेली हकीकत आहे. आणि नामांकित संस्थांनी केलेले संशोधन, म्हणजे लोकांच्या चालीरीती व वहिवाटी यांची नोंद, हाही पुरावाच मानला आहे.

हे किती महत्त्वाचे आहे बघा. जो आदिवासी नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगत आला, त्याने 13 डिसेंबर 2005 च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वहिवाट दाखवावी, अशी अट आहे. 1930 सालचा कागद कोणाच्या घरी असतो? मालगुजाराच्या वाड्यात असेल एखाद वेळी. ज्याने मोहफुले वेचली, मासे धरले, गुरे चारली, त्याच्या घरी तो कोठून असणार? त्याच्याजवळ आहे ती आजोबांची आठवण. ती लिहून घेतली तर दाव्याला जोडता येते. म्हातारा गेला की साक्षही गेली.

शंभर वर्षांपूर्वी या मुलखाची पाहणी झाली नव्हती, असे नाही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्यप्रांतातील जातीजमातींवरील चार खंड 1916 साली निघाले. मोठे कष्टाचे काम! पण तिथे गोंड, हलबा, ढिवर हे ज्यांच्याविषयी लिहायचे असे लोक होते. प्रश्न साहेबाचे आणि उत्तरे लोकांची, अशी ती रीत. ती बदलली की काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि ते तलावांचे आहे.

हा तलावांचा मुलूख, हे मी तुम्हाला सांगायला नको. कोहळ्यांनी पाळी घालून पाणी अडवले, धानाच्या बांध्या पिकवल्या. नवेगावबांधचा तलाव त्यांतलाच. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. पाटाचे पाणी कोणाला किती, गाळ केव्हा काढायचा, हे जे ठरलेले होते ते हळूहळू सुटले. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या सहकारी संस्था झाल्या. बाहेरून रोहू, कटला, मृगळ यांचे बीज आणून सोडण्यात आले. काही वर्षे बरे वाटले. पुढे मात्र अनेक तलावांत बेशरम माजली, देशी मासळी दिसेनाशी झाली आणि जाळे रिकामे येऊ लागले.

अर्जुनी-मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था काम करते. तिने ढिवरांनाच बरोबर घेऊन या गोष्टीचा छडा लावायचे ठरवले. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आधाराने अंडी घालतो, कोणता चिखलात राहतो, पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर कोणता वर चढतो, हे कोणत्याही सरकारी दप्तरात नव्हते. ते ढिवरांच्या डोक्यात होते. त्या नोंदींतून ध्यानात आले ते असे, की तलाव म्हणजे नुसते पाण्याचे टाके नव्हे. गाद, चिला अशा पाणवनस्पती गेल्या म्हणून मासळीचे घर गेले. मग लोकांनी बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाच्या कोरड्या पोटात नांगर घातला आणि या वनस्पती पुन्हा लावल्या. मासळीही परतू लागली. या कामात ढिवर समाजातल्या बायका पुढे आल्या, ही माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट. आजवर सोसायटीत पुरुषांनाच विचारले जाई.

जंगलाचेही तसेच आहे. मोहफुले बहुधा बायका आणि मुले वेचतात, चैत्रात, पहाटे उठून. पाहणी करणारा मात्र ओट्यावर बसलेल्या पुरुषाला विचारतो, आणि लिहितो ‘व्यवसाय: शेती’. घराच्या मिळकतीचा एक मोठा तुकडा असा वहीतून गळून जातो. उन्हाळ्यात जंगलाला वणवे लागतात. लोक बेपर्वा आहेत, असे बाहेरच्याने म्हणणे सोपे. वेचणारणीला विचारा. ती सांगेल की वाळल्या पाचोळ्यात फूल दिसत नाही, म्हणून झाडाखाली काडी लावतात आणि ती आग कधी कधी पसरते. कारण कळले की उपायही सुचतो: पाचोळा झाडून बाजूला करावा किंवा झाडाखाली जाळी पसरावी. नुसत्या दंडाने हे कळले नसते.

शेजारच्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने ‘अभ्यासगट’ चालवले. गावकरी जमून एखाद्या विषयावर बोलत, बाहेरच्या जाणकाराला बोलावीत, निर्णय मात्र ग्रामसभेत घेत. 2009 साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे 2013 पासून गडचिरोली-गोंदियातील काही ग्रामसभांनी तेंदूपानांची विक्री आपल्या हाती घेतली. तिथे तर पाहणीवाचून पाऊल पडत नाही. पाने किती घरे तोडतात, कोणत्या भागात बेटकटाई करायची, मजुरीचा हिशेब कोण ठेवणार, हे ठाऊक नसेल तर ठेकेदाराशी भाव ठरवायला कोणत्या तोंडाने बसणार?

शिक्षक मंडळींना एक विनंती. तुमच्या शाळेत वही आहे, लिहिणारी मुले आहेत आणि मुलांच्या घरी आजी आहे. गावच्या वृद्धांना एकेक करून भेटा. ‘तुम्ही जंगल वापरता का?’ असे विचारू नका, त्याला ‘हो’ म्हणून माणूस गप्प बसतो. लहानपणी गुरे कोठे चारायला नेत होता, कोणत्या बोडीचे पाणी जेठात टिकत होते, मृताला कोठे पुरत, दुष्काळात कोणते कंद खाल्ले, हे विचारा. आजी झाडीबोलीत बोलली तर झाडीबोलीतच लिहा, गोंडीत बोलली तर तो शब्दही तसाच ठेवा, कारण जागेची नावे त्या शब्दांतच असतात. सांगणाऱ्याचे नाव, वय आणि तारीख घाला, लिहिलेले त्याला वाचून दाखवा आणि मग सही किंवा अंगठा घ्या. मात्र ज्याचा स्वतःचा दावा आहे त्याची हकीकत यात चालत नाही, दुसऱ्या वडीलधाऱ्याची घ्यावी लागते. एक प्रत गावाच्या वनहक्क समितीकडे द्या. ती समिती पडताळणी करून ग्रामसभेपुढे मांडते. ग्रामसभेचा ठराव झाला की दावा उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हा समितीकडे जातो. दुसरी प्रत शाळेच्या कपाटात राहू द्या.